चौथ्या गाण्याची सुरुवात

रविवार, ७ मार्च २००४
दुपारचे साडेतीन

ताईस,

धाकट्या मावसभावाचा नमस्कार, सर्दीसकट.

हे लिहायला बसलो तेव्हा बरोबर साडेतीन झाले होते. दोन शर्ट पिळून खिडकीच्या दांडीवर टाकले आणि शाईवर थेंब पडू नये म्हणून हात दोनदा पुसले. लांब्या झोपला आहे. लांब्या म्हणजे माझा खोलीतला जोडीदार. आमच्याच कारखान्यात ग्राइंडरवर असतो. पाय कॉटच्या बाहेर लोंबतात म्हणून लांब्या.

आज सकाळी आम्ही दोघं सिनेमाला गेलो होतो. लांब्या रात्रपाळी करून आलेला, मध्यंतराच्या आधीच घोरायला लागला. ते मला पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून हातवारे करायला लागला तेव्हा कळलं. दोन बहिणी वडिलांच्या पश्चात घर रिकामं करतात आणि सामान ट्रकमध्ये भरून निघतात, एवढीच गोष्ट. एका प्रसंगात धाकटी बहीण ओक्याबोक्या स्वयंपाकघरात नुसतीच पेल्याच्या काठावर बोट फिरवत बसते. बोलणं नाही, गाणं नाही, सगळं चिडीचूप. आणि मग एकदम ढोल आणि जाड तारांचं गिटार सुरू होतं, आणि ट्रक निघतो.

ताई, मला ते सगळं ऐकू आलं. हे असं का लिहितो आहे ते सांगतो, पण आईला पत्र वाचून दाखवताना एवढा भाग गाळ.

गेलं वर्षभर माझे कान भरल्यासारखे असतात. कारखान्यात सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण माझं कामच कानाचं. आई शेजाऱ्यांना सांगते की मी कारखान्यात घंटा वाजवतो. तुला तरी नीट कळावं म्हणून लिहितो. ग्राइंडरचं चाक दगडासारखं असतं आणि भयंकर वेगानं फिरतं. आत केसाएवढी भेग असली तरी फिरताना त्याचे तुकडे होऊन गोळीसारखे सुटतात, आणि समोर माणूस उभा असतो. म्हणून स्टोअरमधून देण्याआधी मी प्रत्येक चाक लाकडी खुंटीवर अडकवतो आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं चारी बाजूंना टिचकी मारतो. अखंड चाक टण्ण वाजतं. भेग असेल तर थप्प. टण्ण वाजलं की मी त्यावर खडूनं फुली करतो. त्या फुलीशिवाय चाक मशीनवर चढत नाही. मेस्त्री मला कानसेन म्हणतात.

१२ एप्रिलला कंपनीचे डॉक्टर मला तपासणार आहेत. कानसुद्धा. पास झालो तर कायम, कायम झालो तर क्वार्टर, आणि क्वार्टर मिळाली की आईला तुमच्याकडून घेऊन येणार. तुम्ही कुणी कधी तोंड वाकडं केलं नाहीत, हे मी जाणतो. पण जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी आई सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघते. ते मला दिसतं.

म्हणून मी फार घाबरलो होतो. पण आज त्या थिएटरात ढोल पोटात वाजला, तारा दातांत वाजल्या, एकेक ठोका वेगळा कळला. वर्षभरात असं काही ऐकलं नव्हतं. म्हणजे कान ठीक आहेत, सर्दीच आहे. गाणी वेगवेगळ्या बँडची आहेत असं शेवटच्या पाटीवर होतं. लोक उठून चालले होते, मी उभा राहून वाचत होतो: दोन नंबरचा जिना, आजारी सुट्टी, भिजलेली काडेपेटी, मधला वार. यातलं एकही नाव मी आधी ऐकलेलं नाही. तू सीडीच्या दुकानात आहेस म्हणून मागतो. या सिनेमाच्या गाण्यांची सीडी पाठव. १२ तारखेपर्यंत रोज ऐकेन, म्हणजे कानांवर लक्ष राहील.

तुझा,
मास्तर

---

सोमवार, १५ मार्च

मास्तर,

पत्र मिळालं. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. आमच्या मालकांना नुसतं पाकीट दाखवलं तर म्हणाले, "हा आठवीत शाळा सोडलेल्याचा पत्ता? मग मी पाळण्यातूनच सोडली असणार."

सीडी सोबत आहे. तू मारे लिहितोस की नवीन बँड सापडले, जसं काही तूच त्यांना फडताळातून ओढून काढलंस! अरे बाबा, तीन आठवडे आमच्या काउंटरवर हेच चाललंय. सिनेमा बघून येतात, डोळे विस्फारतात आणि म्हणतात, "ते द्या ना, ते… ढुम्‌ ढुम्‌ ढुढुम्‌." मी गंभीर चेहऱ्यानं विचारते, "एक ढुम्‌ की दोन?" एक ढुम्‌ असेल तर आजारी सुट्टी, दोन असतील तर दोन नंबरचा जिना. आत्तापर्यंत एकदाही चुकले नाही. सिनेमावाल्याकडे म्हणे मोठ्या गायकांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून कुणाच्या गॅरेजातली, कुणाच्या गच्चीवरची पोरं गोळा केली. आता त्याच पोरांच्या जुन्या सीडी शोधत लोक येतात आणि मालक माळ्यावर चढून धूळ खातात.

चौथं गाणं 'मधला वार'चं आहे. त्याच्याबद्दल मी एक अक्षर सांगणार नाही. ऐक आणि तू मला लिही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गिऱ्हाइकाला सुटे द्यायचे विसरले.

आता भांडण. परवा तुझ्या घरमालकांकडे फोन केला. तू खाली आलास, "हं ताई, बोल" म्हणालास. मी म्हटलं, मावशीला रात्री धाप लागते, डॉक्टर बदलू का? आणि तू म्हणालास, "हो हो, छान, मजेत!" आणि ठेवलास. मावशी शेजारी उभी होती. काय म्हणाला, विचारायला लागली. मी सांगितलं, काळजी करत होता. लेका, एवढा कसला गुंगलायस? कोणी भेटली असेल तर सरळ सांग, मी कुणाला बोलणार नाही. पण आईचं विचारलं तर नीट उत्तर द्यावं माणसानं.

डॉक्टर मी बदलला. आता बरी आहे.

कानात कोमट तेल घालू नकोस, सगळे सांगतात तरी. नीट डॉक्टरला दाखव.

ताई

---

रविवार, २८ मार्च
सकाळचे आठ

ताईस,

फोनबद्दल क्षमा. घरमालकांचा फोन पिठाच्या गिरणीला लागून आहे, तिथं काही कळत नाही. यापुढे पत्रच लिही. आईसाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. कोणी भेटलेली नाही.

सीडी रोज ऐकतो, हेडफोन लावून, कारण लांब्या दिवसा झोपतो. 'दोन नंबरचा जिना'चं पहिलं गाणं मला तोंडपाठ झालं आहे. त्यात जाड तारेवरचा माणूस दर चौथ्या ठोक्याला किंचित उशिरा येतो, मुद्दाम, जसा कोणी जिन्यावर पायरी चुकून परत धरतो. हे तुझ्या लक्षात आलं का? 'आजारी सुट्टी'चा ढोलवाला तर माझ्या बरगड्यांत राहायलाच आला आहे. शब्द नीट लागत नाहीत, पण हल्लीचे गायक पुटपुटतातच.

आता तक्रार. तू पाठवलेली सीडी सदोष आहे. चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला चाळीस सेकंद काहीच नाही. कोरी शांतता. मग एकदम ढोल. मी आधी मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली, मग बॅटऱ्या बदलल्या, मग मनगटी घड्याळ लावून तीन वेळा मोजलं. दर वेळी चाळीस. बाकीची गाणी ठीक आहेत, तेव्हा दोष यंत्रात नाही, सीडीत आहे. या पाकिटात परत पाठवतो आहे. कृपया बदलून दे. मालकांना म्हणावं, मी कुठेही ओरखडा पाडलेला नाही, उजेडात धरून बघावी. जरा लवकर, कारण १२ तारखेच्या आधी मला तिची गरज आहे.

कामावर थोडं बिनसलं होतं. मोठी चाकं वाजतात, पण लहान चाकं मला सगळीच थप्प वाटायला लागली. म्हणून मी ती नाकारून बाजूला ठेवत गेलो. ढीग झाला. मेस्त्री आले, ढिगातलं एक चाक उचललं, स्वतः टिचकी मारली आणि माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "कानसेन, हे वाजत नाही तर काय गातं? कायम होण्याच्या आधीच एवढी भीती? पोरं चाकांसाठी खोळंबलीत तिकडे."

मी हसलो. तेव्हापासून लहान चाकं नजरेनं बघतो. खिडकीशी धरून, चारी बाजूंनी फिरवून, बोटानं चाचपून. भेग दिसली नाही तर फुली. मी फार काळजीपूर्वक बघतो, ताई. आणि गाणी तर मला इतकी स्वच्छ ऐकू येतात, म्हणजे कानात दोष असायचं कारण नाही. चाकांची ही खेपच वेगळ्या मालाची असावी.

पुढच्या आठवड्यात लांब्या दिवसपाळीला येईल.

तुझा,
मास्तर

---

गुरुवार, १ एप्रिल

मास्तर,

आज एक एप्रिल आहे, पण मी गंमत करत नाहीये. हे पत्र कुरियरनं पाठवतेय. बसून वाच.

सीडी सदोष नाही.

तुझं पाकीट आलं तेव्हा दुकानात मालक होते आणि दोन कॉलेजच्या मुली. मी म्हटलं, आमच्या मास्तरांची तक्रार आहे, ऐकू या. मोठ्या स्पीकरवर चौथं गाणं लावलं. चाळीस सेकंद तिथं काचेचे पेले वाजतात. लहान, पातळ पेले. ओलं बोट काठावरून फिरवलं की ते गातात, तसे. इतका बारीक, उंच आवाज की दुकानातली एक मुलगी दंडावरचे काटे दाखवायला लागली. मालक म्हणाले, "हे ऐकून तर सीडी खपतेय. तुझ्या भावाला यात दोष काय दिसला?" मी हसले आणि मागच्या खोलीत जाऊन बसले.

तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, ती बहीण नुसतीच पेल्यावर बोट फिरवत बसते, सगळं चिडीचूप. मी तेव्हा वाचून पुढे गेले. अरे, ती वाजवत होती. त्या प्रसंगाला अख्खं थिएटर श्वास धरून ऐकतं.

तुझं "हो हो छान, मजेत" मला आत्ता कळलं.

तुला ढोल ऐकू येतो, जाड तार ऐकू येते. ते सगळं खालचं आहे. वरचं तुला येत नाही. त्या गाण्यांनी तुझे कान तपासले गेले नाहीत रे, त्या गाण्यांत तुला झेपेल एवढंच तू ऐकलंस. आणि लहान चाकांचा आवाज वरचा असणार. मला कारखान्यातलं कळत नाही, पण एवढं कळतं. तू नाकारलेलं चाक वाजत होतं. मग तू पास केलेल्यांतलं एखादं वाजत नसेल, तर?

उद्याच मेस्त्रींना सांग. १२ तारखेची वाट बघू नकोस. तू फुली केलेली लहान चाकं परत घ्यायला सांग. लांब्या त्यांच्यासमोर उभा राहतो ना?

कानाच्या चांगल्या डॉक्टरसाठी मनीऑर्डर केली आहे. मावशीला मी काही सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, सीडी बदलून हवी आहे. रोज विचारते, "दिली का त्याला दुसरी?"

ताई

---

रविवार, ४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र काल आलं. मला आधी राग आला. मग मी लांब्याला जवळ बसवलं, कारण सुट्टी होती आणि तो जागा होता. 'मधला वार'ची दुसरी सीडी इथल्या दुकानात मिळाली, त्यावरही ते गाणं आहे. हेडफोनचा एक गोळा त्याच्या कानात, एक माझ्या. गाणं लावलं. माझ्या कानात काही नव्हतं. मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं आधी भुवया वर केल्या, मग डोळे मिटले, मग मान एका बाजूला कलली. ढोल सुरू झाल्यावर डोळे उघडून माझ्याकडे बघून म्हणाला, "काय रे? तुझा चेहरा असा का?"

मी म्हटलं, "काही नाही. आवडलं का बघत होतो."

म्हणाला, "सालं, लग्न करावंसं वाटलं."

त्याला मी सांगितलं नाही. मेस्त्रींनाही सांगणार नाही. ताई, आठ दिवस. फक्त आठ दिवस. एकदा कायमचा कागद हातात पडला की मी स्वतः सांगेन, मग ते मला पॅकिंगला टाकतील, पण काढणार नाहीत. आत्ता सांगितलं तर सरळ फाटकाबाहेर. मग मी काय करू? पुन्हा पत्रे ठोकायला जाऊ? चौदाव्या वर्षापासून तेच केलं, आणि बहुतेक कानही तिथंच गेले.

तपासणीचं मी बघून आलो आहे. बोटाला चिंधी बांधून दवाखान्यात गेलो. कानावर यंत्र लावतात, आवाज आला की बोट वर करायचं. डॉक्टरांच्या पाठीमागे औषधांचं काचेचं कपाट आहे. त्यात त्यांचा हात दिसतो, बटण दाबलेलं स्पष्ट दिसतं. कंपाउंडर म्हणाला, क्रम ठरलेला असतो, आधी उजवा. मी उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसेन, तिथून कपाट बरोबर समोर येतं.

लहान चाकं आता थोडीच उरली आहेत. मशीनला लोखंडी झाकण असतं. लांब्या सावध माणूस आहे.

तू फक्त गप्प राहा. आजवर तुझ्याकडे सीडीशिवाय काही मागितलं नाही. हे मागतो.

मास्तर

---

मंगळवार, ६ एप्रिल

मास्तर,

गप्प राहणार नाही.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आहे आणि त्याचीच मला भीती वाटली. झाकण असतं म्हणतोस. मग फुली कशाला करायची? झाकणावरच सोडायचं ना सगळं.

मावशीला क्वार्टर हवी आहे, मान्य. पण ती क्वार्टर कुणाच्या जिवावर उभी आहे हे तिला कळलं तर ती तिथं एक घास खाणार नाही. तू तिला माझ्याहून जास्त ओळखतोस.

तुमच्या कारखान्याचा नंबर मी शोधला आहे. शुक्रवारी सकाळी दहाला मेस्त्रींना फोन करणार. त्याच्या आधी तू सांगावंस असं मला फार वाटतं. नाही सांगितलंस तर मी सांगेन, मग आयुष्यभर माझ्याशी बोलू नकोस, चालेल.

ताई

---

रविवार, १८ एप्रिल
संध्याकाळचे पाच

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही.

तुझं पत्र गुरुवारी सकाळी कुरियरवाल्यानं कारखान्यातच, स्टोअरच्या खिडकीत आणून दिलं. वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. त्या खिडकीतून लांब्याचं मशीन दिसतं. तो वाकून काहीतरी घासत होता, ठिणग्या कोपरापर्यंत उडत होत्या. चाक फिरायला लागलं की माझ्या खडूच्या फुलीचं पांढरं कडं होतं. झाकणाच्या फटीतून ते कडं मला दिसलं. रोजच दिसायचं. त्या दिवशी मात्र मला तिथून नजर काढता येईना. मी स्वतःला सांगत होतो, चारच दिवस राहिले. पाय मात्र निघाले होते.

मी भिंतीवरचा मोठा दांडा खाली ओढला. सगळी मशीनं बंद पडली. चाकं थांबायला वेळ लागतो, तेवढा वेळ कुणी जागचं हललं नाही. मग मेस्त्री धावत आले.

"कोण मेलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मेस्त्री, मला ऐकू येत नाही."

"इथं कुणाला येतंय! माझी बायको काय म्हणते ते मी वीस वर्षांत ऐकलेलं नाही. लाव वीज."

सगळे हसले. मीही हसलो असतो तर ते तिथंच संपलं असतं. हे मला त्या वेळी कळत होतं, ताई, अगदी स्वच्छ.

मी म्हटलं, "मेस्त्री, मला चाकं ऐकू येत नाहीत. लहान चाकं. दोन-तीन आठवडे मी बघून फुल्या करतोय."

हसणं थांबलेलं मला दिसलं.

मेस्त्रींनी एक शिवी दिली असावी. मग सगळ्या मशीनांवरची लहान चाकं उतरवायला लावली, स्टोअरमधलीही आणवली. माझी खुंटी आणवली. वीज बंदच. सगळे गोल उभे राहिले आणि मेस्त्री एकेक चाक अडकवून टिचकी मारायला लागले. मी खुंटीकडे बघतच नव्हतो. मी माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. टिचकी बसायची, चेहरे तसेच. पुढचं चाक, चेहरे तसेच. मला वाटायला लागलं की सगळी चाकं चांगलीच निघणार, मी उगाच स्वतःचा सत्यानाश केला. मग एका टिचकीला सगळे चेहरे एकदम बदलले. मेस्त्रींनी पुन्हा टिचकी मारली, दुसऱ्या बाजूला. पुन्हा तसंच. मग ते हळूहळू लांब्याकडे वळले.

ते त्याचं चाक होतं. सोमवारपासून त्याच्या मशीनवर होतं.

लांब्यानं ते हातात घेतलं, फुलीवरून अंगठा फिरवला. मग काहीतरी बोलला. मान खाली होती म्हणून मला ओठ दिसले नाहीत. मी "काय?" असं विचारलं नाही. त्याच संध्याकाळी त्यानं गादी गुंडाळली आणि फाउंड्रीवाल्यांच्या खोलीत राहायला गेला.

मला काढलं आहे. साहेबांनी कागद दिला, त्यात 'प्रामाणिकपणे' हा शब्द आहे आणि 'अक्षम्य' हाही. फाटकापर्यंत मेस्त्री सोबत आले. माझ्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "सांगितलंस ते बरं केलंस. आधी का नाही सांगितलंस?" दोन्ही एका दमात.

तू शुक्रवारी फोन केलास असं पहारेकऱ्यानं सांगितलं. मी आधीच सांगितलं होतं हे तुला मेस्त्रींनी कळवलं असेलच.

तुझ्या पैशांतून कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. खालचे आवाज अजून बरीच वर्षं राहतील. यंत्र घेतलं तर माणसांचं बोलणं समजेल. मला कुठवर ऐकू येतं त्याची रेघ कागदावर काढून दिली, डावीकडून बरी चालते आणि मग कडा सुटल्यासारखी खाली जाते. 'मधला वार'चे पेले कुठे असतील, मी विचारलं. ते थोडे गोंधळले. मग रेघेच्या खूप वर, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं ठिपका दिला.

'दोन नंबरचा जिना'च्या जुन्या सीडी माळ्यावर असतील तर एक ठेवून दे. ते अजून सगळे ऐकू येतात.

मी येत्या शनिवारी येतो. काम बघावं लागेल, तुमच्याकडे कुठेही, ज्यात कान लागत नाहीत असं. आईला तू काही सांगू नकोस. मी सांगेन, समोर बसून, म्हणजे ती काय म्हणते ते मला तिच्या ओठांवर दिसेल. घरात आणखी एक ताट वाढेल, हे तुझ्या आईला मात्र तूच आधी सांग. मला ते जमणार नाही.

हिशेब लिहितो, आल्यावर बोलायला नको.

खर्च
कानाचे डॉक्टर: ३००
आवाजाची तपासणी: ४५०
बस, जाऊन-येऊन: ३६
शनिवारचं तिकीट: १४०

येणे
आठ दिवसांचा पगार: ७२०, मिळाला

देणे
ताई, मनीऑर्डरचे: ८००
ताई, सीडीचे आणि टपालाचे: २५५
यंत्राचा पहिला हप्ता: १०००, भरलेला नाही
लांब्या, खोलीच्या भाड्यातला त्यानं आगाऊ भरलेला वाटा: ३५०. दोनदा त्याच्या नव्या खोलीवर घेऊन गेलो. पहिल्यांदा तो नव्हता. दुसऱ्यांदा होता, पण दार उघडलं नाही. देणे आहे.

मास्तर